जांभळ्या शाईची पोरं

आधी मोबाइल घरीच ठेवा. जिथे निघालोय तिथे त्याला रेंज नाही, आणि चुकून तो कुणाच्या दृष्टीस पडलाच तर आज ज्या पोरांना भेटायचंय ती तुमची पाठ सोडणार नाहीत. असल्या वस्तूची त्यांच्याइतकी आतुरतेने वाट पाहणारं त्या शहरात दुसरं कुणी नाही. खिशात पाच सेंटची नाणी भरून घ्या. निकेल म्हणतात त्यांना, आणि न्यूयॉर्कमधले तुमचे हे दिवस बहुतेक त्यांच्यावरच निघणार आहेत. अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात टाय, वर कोट. जुलै महिना आहे, पाठीवरून घामाचे ओघळ जाणार आहेत, तरी कोट हवाच. १९३९ सालात भल्या घरचा माणूस सभेला बिनकोटाचा जात नाही.

आता उतरा. १ जुलै, शनिवारची रात्र. तुम्ही क्वीन्स भागातल्या एका भाड्याच्या घराच्या स्वयंपाकघरात उभे आहात.

वास आधी येतो. गोडसर, चिकट, नाकात बसणारा. गॅसच्या शेगडीवर पातेलं आहे, त्यात ग्लिसरीन आणि जिलेटिन वितळतंय. सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा ते मिश्रण आईच्या केक भाजायच्या थाळीत ओततो. आई आत झोपली आहे. उद्या सकाळी थाळीचा रंग बघून ती काय म्हणेल याची त्याला पुरती कल्पना आहे. आदल्या दिवशी ओतलेली दुसरी थाळी तयार आहे, बोट लावलं की खरवसासारखी थरथरते. त्या थाळीवर तो एक कागद उलटा घालतो, तळहाताने सगळीकडून दाबतो आणि थांबतो. कागद उचलल्यावर जिलेटिनवर जांभळी अक्षरं उमटलेली दिसतात, सगळी उलटी. आता कोरा कागद ठेवायचा, दाबायचा, उचलायचा. झालं एक पान. असं पुन्हा, आणि पुन्हा.

"दाबा, पण सरकवू नका, मिस्टर," तो तुम्हाला बजावतो. तुमचं पहिलं पान सरकतं. अक्षरं दुहेरी होतात. तो काही बोलत नाही, ते पान बाजूला ठेवतो. कागद विकत आणलेला आहे. पहिली वीसेक पानं ठसठशीत निघतात, मग शाई फिकी होत जाते, आणि पन्नाशीच्या आसपास वाचायला दिव्याजवळ जावं लागतं. एका अंकाचा जीव तेवढाच. ज्याच्याकडे सायक्लोस्टाइलचं यंत्र आहे तो या जगातला सावकार. बाकीच्यांचं हे असं थाळीवर चालतं. अर्ध्या तासात तुमची बोटं जांभळी होतात. नाक खाजवलंत तर तेही.

पानांवर आहे तरी काय? गेल्या महिन्यातल्या मासिकांमधल्या कथांची चिरफाड. कुणा लेखकाने मंगळावरच्या गुरुत्वाकर्षणाचं गणित चुकवलं म्हणून त्याला झोडपलंय. एका जुन्या कथेची आठवण इतक्या प्रेमाने काढलीय की तुम्हाला ती शोधून वाचावीशी वाटते. आणि दीड पान भरून दुसऱ्या एका फॅनला शिव्या आहेत. विज्ञानकथेची समीक्षा म्हणून पुढे विद्यापीठांत ज्याचे वर्ग भरले, ती पहिल्यांदा या थाळ्यांवर झाली. मोठी वर्तमानपत्रं या कथांकडे ढुंकून पाहत नव्हती. शाळेतले मास्तर मासिक दिसलं तर जप्त करत. मग चांगलं काय आणि टाकाऊ काय हे ठरवायचं कुणी? पोरांनी ते काम आपल्या अंगावर घेतलं, आणि जीव ओतून केलं. त्यांच्या शिव्यांतही मला आस्थाच दिसते. ज्या गोष्टीशी आपलं देणंघेणं नाही तिच्यावर कुणी रात्र जागून दीड पान लिहीत नाही.

ही पोरं एकमेकांना सापडली कशी, ते त्याच्या खोलीत गेल्यावर कळतं. पलंगाखालून तो मासिकांचा गठ्ठा ओढतो आणि खोलीभर जुन्या लाकडाचा, धुळीचा वास पसरतो. पल्प मासिकं म्हणतात यांना. लाकडाच्या लगद्याचा खरबरीत कागद, कडा न कापलेल्या, वाचता वाचता मांडीवर कागदाचा चुरा पडतो. मुखपृष्ठ मात्र गुळगुळीत आणि भडक: पिवळं आकाश, लाल अग्निबाण, कुणाला तरी विळख्यात धरलेला राक्षस. ह्यूगो गर्न्सबॅक नावाच्या रेडिओवेड्या गृहस्थाने १९२६ साली 'अमेझिंग स्टोरीज' काढलं, निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक. त्यात वाचकांची पत्रं छापताना तो लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापत असे. घर क्रमांक, रस्ता, गाव, सगळं. गावात अशा कथा वाचणारा आपण एकटेच, असं समजून बसलेल्या पोराला अचानक कळायचं की तीन रस्ते सोडून आणखी एक आहे. तो पोस्टकार्ड टाकायचा. उत्तर यायचं. पुढे १९३४ साली गर्न्सबॅकनेच आपल्या दुसऱ्या मासिकातून 'सायन्स फिक्शन लीग' काढली आणि गावोगाव तिच्या शाखा निघाल्या. लेखकांचे पैसे मात्र तो थकवायचा. दहा डॉलर मिळावेत म्हणून कोर्टाची पायरी चढलेला एक तरुण उद्या तुम्हाला रस्त्यावर भेटणार आहे.

झोप आता. उद्याचा दिवस मोठा आहे.

रविवारी सकाळी ब्रुकलिनला चला, विंडसर प्लेस. तिथल्या गोळ्या-चॉकलेटच्या दुकानात शिरलात की घंटा वाजते आणि सिगार, चॉकलेटचं सिरप, ताजा छापील कागद असे तीन वास एकदम अंगावर येतात. काउंटरवर रविवारच्या वर्तमानपत्रांचे जाडजूड गठ्ठे. दुकान पहाटे उघडतं ते मध्यरात्र उलटून गेल्यावर मिटतं, आणि घरातल्या प्रत्येकाने पाळीपाळीने तिथे उभं राहायचं असतं. रशियातून आलेल्या या ज्यू कुटुंबाचा थोरला मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. चश्मा, भरभर बोलणं, नुकतीच कोलंबियातून मिळवलेली पदवी. नाव आयझॅक असिमॉव्ह.

मासिकांचा स्टँड बघा. लहान असताना वडिलांनी त्याला या कथा वाचायची मनाई केली होती. 'सायन्स' हा शब्द मुखपृष्ठावर दिसल्यावर वडील नरमले. मग तो अंक असा जपून वाचायचा की परत स्टँडवर ठेवल्यावर गिऱ्हाइकाला तो कुणी उघडला होता याचा पत्ताही लागू नये. आज त्याच स्टँडवर 'अस्टाउंडिंग'चा जुलैचा अंक आहे, वीस सेंट, आणि त्यात त्याची स्वतःची कथा छापून आली आहे. या मासिकातली त्याची पहिली. गेल्या वर्षी तो सबवेने मॅनहॅटनला गेला, छापखान्याच्या कागदांच्या थप्प्यांमधून वाट काढत संपादक जॉन कॅम्पबेलच्या खोलीत पोचला आणि हातातली कथा समोर ठेवली. ती साभार परत आली, पण सोबत तपशीलवार सूचना आल्या. मग तो जातच राहिला. एका शब्दाला एक सेंट हा त्या धंद्यातला बरा भाव. त्याची पहिली विकलेली कथा दुसऱ्या मासिकाने घेतली, चौसष्ट डॉलरला. कॉलेजची फी त्या पैशांतून भरायची.

अंक विकत घ्या. वीस सेंट म्हणजे चार निकेल, चार वेळा सबवेचा प्रवास. तुमच्या आदल्या रात्रीच्या पोराच्या हिशोबाने जेवणंच ती.

आता जमिनीखाली. फिरत्या दांड्याच्या फटीत निकेल टाका आणि ढकला. डब्यात पंखे गरगरतात, पण ते गरम हवाच इकडून तिकडे करतात. वेताच्या बैठकीला घामेजलेला कोट चिकटतो. लोखंड, ग्रीस, सिगारेट, कुणाच्या तरी केसांचं तेल. चाकांचा आवाज एवढा की शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. मध्ये गाडी बदला. दुसऱ्या कंपनीची गाडी, म्हणून दुसरं नाणं. एकोणसाठाव्या रस्त्याला वर या. रविवार असल्याने ब्लूमिंगडेल्सचं मोठं दुकान बंद आहे. एक चौक पलीकडे थर्ड ॲव्हेन्यूवरच्या लोखंडी पुलावरून आगगाडी धडधडत जाते आणि बोलणारे सगळे वाक्याच्या मध्येच थांबतात, गाडी गेली की तिथूनच पुढे सुरू करतात. तुम्हालाही तासाभरात ती सवय लागेल.

कॅराव्हॅन हॉल. हीच ती जागा. जगातलं पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन इथे भरतंय. 'जागतिक' म्हणायचं कारण साधं आहे: पलीकडे क्वीन्समध्ये जागतिक प्रदर्शन भरलंय, त्याच्या निमित्ताने लोक न्यूयॉर्कला येणारच आहेत, तर आपणही त्याच दिमाखात नाव घेऊ. आयोजकांपैकी प्रमुख सॅम मॉस्कोविट्झ. परवा त्याला एकोणीस पूर्ण झाली. न्यूजर्सीतल्या न्यूअर्कचा, आवाज असा खणखणीत की त्याला ध्वनिक्षेपकाची गरज नाही. त्याच्या जोडीला जेम्स टॉरासी आणि विल्यम सायकोरा. मागे कुठलं विद्यापीठ नाही, सरकार नाही, प्रकाशकांची थैली नाही. एकोणीस वर्षांच्या पोराने दोनशे माणसांचं संमेलन उभं केलं, हे तुम्ही आत जाण्याआधी घटकाभर मनात घोळवा.

पण आत जाणं सोपं नाही. दाराशी भांडण पेटलंय.

सहा जण आहेत, दाराबाहेर. 'फ्युचुरियन्स' हे त्यांच्या मंडळाचं नाव. चोवीस वर्षांचा डोनाल्ड वॉलहाइम, तोच तो कोर्टात गेलेला, सगळ्यांत थोरला आणि बोलण्यात धारदार. उंच, हडकुळा फ्रेडरिक पोल. जॉन मिशेल, रॉबर्ट लाउंडेस, जॅक गिलेस्पी. आणि सिरिल कॉर्नब्लूथ, ज्याला आज, नेमक्या याच दिवशी, सोळा पूर्ण झाली आहेत. वाढदिवसाच्या दिवशी दारातून परत पाठवलेला मुलगा कसा दिसतो, ते जवळून बघून घ्या.

मॉस्कोविट्झला पिवळ्या कव्हरच्या पत्रकांचा एक गठ्ठा सापडलाय, हीटरमागे दडवून ठेवलेला. त्यात आयोजकांना हुकूमशहा म्हटलंय आणि आलेल्या लोकांना त्यांच्यापासून सावध राहायला सांगितलंय. त्याचा राग अनावर झाला आहे. गोंधळ घालणार नाही असा शब्द द्या, मग आत सोडतो, हा त्याचा हट्ट. शब्द कसला द्यायचा, आम्ही काय केलंय, हा यांचा. मजा बघा, ती पत्रकं लिहिली होती डेव्ह काइलने, आणि तो केव्हाच आत जाऊन खुर्चीवर बसला आहे. बाहेरच्यांतल्या काहींना तर त्या गठ्ठ्याचा पत्ताही नव्हता, असं त्यांनी पुढे जन्मभर सांगितलं. घामाने कॉलर भिजल्यात, आवाज चढलेत, आत जाणारे पाहुणे मान खाली घालून बाजूने सरकतायत. कोण कुठल्या विचारसरणीचा यावरूनही बरीच चिखलफेक आहे, त्यात आपण शिरायला नको.

मला या भांडणात मॉस्कोविट्झची बाजू घेता येत नाही. त्याने महिनोन्महिने राबून हे उभं केलं होतं, ते उधळलं जाईल ही त्याची भीती खरी होती; त्याच्या वयात मीही कदाचित घाबरून दार लावलं असतं. पण विज्ञानकथेवर ज्यांनी जीव टाकला त्यांनाच तिच्या पहिल्या मेळ्याच्या दाराबाहेर उभं करणं चूक होतं. त्या सहाजणांतला पोल पुढच्या काही महिन्यांत, विशीच्या उंबरठ्यावर, दोन मासिकांचा संपादक झाला. वॉलहाइमने पुढे स्वतःची प्रकाशनसंस्था काढून विज्ञानकथा खिशात मावणाऱ्या पुस्तकांतून घरोघर पोचवल्या. पोल आणि कॉर्नब्लूथने जोडीने लिहिलेली जाहिरातदारांच्या राज्याची कादंबरी आजही वाचली जाते. आणि पत्रकवाला काइल? सतरा वर्षांनी, १९५६ साली, याच शहरात जागतिक संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तोच होता.

असिमॉव्हही फ्युचुरियनच. तो दाराशी येतो, कुणी अडवत नाही, तो आत जातो. मित्र खाली रस्त्यावर आहेत हे मनात खुपत असतं, पण आत कॅम्पबेल आहे, चित्रं आहेत, आयुष्यभर ज्यांची नावं वाचली ती माणसं आहेत. तुम्हीही त्याच्या मागोमाग शिरा.

आत धुराचा पडदा आहे. पाइप, सिगारेट, सिगार. खुर्च्या ओढल्याचा आवाज, खोकला, हसणं, आणि सगळ्यांवर मॉस्कोविट्झचा आवाज. भिंतींवर मासिकांची मूळ चित्रं टांगली आहेत आणि लोक त्यांच्यासमोरून हलतच नाहीत. छापील मुखपृष्ठावर जे भडक वाटायचं ते इथे जवळून बघा: ब्रशचे फटकारे दिसतात, यंत्रातला एकेक खिळा मन लावून काढलेला दिसतो. ही बरीचशी फ्रँक आर. पॉलची. ऑस्ट्रियात जन्मलेला, वास्तुशास्त्र शिकलेला, म्हणून त्याच्या परग्रहावरच्या इमारती खरोखर उभ्या राहतील अशा वाटतात. माणसं मात्र जरा लाकडी. आजचा सन्मान्य पाहुणा तोच आहे. लेखकाऐवजी चित्रकाराला पहिला मान दिला, ही त्या पोरांची निवड मला फार आवडते. कारण त्यांच्यातला जवळपास प्रत्येक जण आधी चित्राला भुलला होता, कथा नंतर वाचली.

खरी गंमत खुर्च्यांच्या रांगांत चाललीय. दोन माणसं हस्तांदोलन करतात, नावं सांगतात आणि दोघेही एकदम ओरडतात. तीन वर्षं पत्रातून कडाकडा भांडलेले हे दोघे आज पहिल्यांदा एकमेकांचा चेहरा बघतायत. "तू एवढा लहान?" हा प्रश्न तुम्हाला दुपारभर ऐकू येईल. पत्रात पन्नाशीचा प्राध्यापक वाटणारा माणूस इथे मिसरूड न फुटलेला निघतो.

तेवढ्यात माना वळतात. हिरवी झूल पांघरलेला एक उंच तरुण आत आलाय. फॉरेस्ट ॲकरमन, लॉस एंजेलिसहून आगगाडीने आलेला. त्याच्याबरोबर मर्टल डग्लस. दोघांचे भविष्यातल्या माणसांचे पोशाख तिनेच बेतले आणि शिवले आहेत, एच. जी. वेल्सच्या कथेवरच्या चित्रपटात बघून. सगळ्या कोटटायवाल्यांत हे दोघेच. येताना रस्त्यावर पोरांनी त्याला चित्रकथेतल्या नायकांच्या नावांनी हाका मारून हैराण केलं. आज जगभरच्या संमेलनांत हजारो लोक आवडत्या पात्रांचे पोशाख घालून मिरवतात, त्यांच्या आधी या उकाड्यात ही दोघं उभी होती. त्या पोशाखाजवळ जाऊन शिवण बघा. बाजारात असलं काही मिळत नव्हतं. हातचं काम आहे ते, आणि सुबक आहे. इतिहासात ॲकरमनचंच नाव बराच काळ घेतलं गेलं, सुई जिच्या हातात होती तिचं मागे पडलं. म्हणून इथे ते दोनदा घेतो: मर्टल डग्लस.

ॲकरमनच्या पैशावर आणखी एक जण आलाय. अठरा वर्षांचा, गोल चेहऱ्याचा, लॉस एंजेलिसमध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर वर्तमानपत्रं विकणारा. बसचं भाडं ॲकरमनने उसनं दिलं. अख्खी अमेरिका त्याने बसच्या बाकावर बसून, तिथेच झोपून ओलांडली. शर्ट बघा, कळेल. बोलणं थांबत नाही, सिनेनटांच्या नकला करतो, लोक हसतात आणि थोडे वैतागतातही. बगलेत चित्रांचं एक पुडकं, ते तो कुणाच्या हाती सहजी देत नाही. चित्रं त्याची नव्हेतच, हॅनेस बोक या त्याच्या मित्राची. मित्र येऊ शकला नाही, म्हणून हा त्याची चित्रं घेऊन न्यूयॉर्कच्या संपादकांचे उंबरे झिजवणार आहे. ते काम झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात 'वीअर्ड टेल्स'चं मुखपृष्ठ बोकचं होतं. पोराच्या स्वतःच्या कथा मात्र अजून कुणी विकत घेतलेल्या नाहीत. त्याचं नाव रे ब्रॅडबरी. उसन्या पैशाने, मित्राचं काम डोक्यावर घेऊन तो देश ओलांडून आला, हे मला त्याच्या पुढच्या सगळ्या कीर्तीइतकंच मोठं वाटतं.

दुपार चढते. भाषणं होतात, काही रटाळ आहेत, खोटं कशाला सांगू. कॅम्पबेल उठतो तेव्हा मात्र कुजबुज थांबते. एकोणतीस वर्षांचा, आडदांड, तो बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्याने आपल्या मासिकात वाचकांच्या पत्रांवरून दर अंकातल्या कथांचे क्रमांक लावून ते छापायला सुरुवात केलीय, म्हणजे या खोलीतल्या पोरांच्या मताला आता खराखुरा भाव आहे. श्रोत्यांतून असिमॉव्हचं नाव पुकारलं जातं; तो पुढे ढकलला जातो, स्वतःचीच थट्टा करत दोन वाक्यं बोलतो, टाळ्या घेतो, लाल होऊन परत बसतो. 'थ्रिलिंग वंडर' मासिकाचा लिओ मार्ग्युलीस हा मुरलेला धंदेवाईक माणूस. गठ्ठ्याने मासिकं काढून विकणं हे त्याचं काम. या पोरांचा प्रामाणिकपणा बघून तो चक्रावलाय, आणि तसं उघड बोलून दाखवतो.

लिलाव सुरू होतो. भिंतीवरची चित्रं एकेक करून खाली येतात. खिशातले सुटे पैसे मोजले जातात, शेजाऱ्याकडून पंचवीस सेंट उसने घेतले जातात. आज संग्रहालयात काचेआड असावीत अशी चित्रं थोडक्या डॉलरांत जातात. तुमच्या खिशात निकेलच आहेत. हात वर करू नका, रडायची पाळी येईल.

कार्यक्रमात 'मेट्रोपोलिस' हा मूकपटही आहे. मधल्या वेळात खाली जाऊन या. रस्त्यापलीकडे फ्युचुरियन्सनी बैठक मांडली आहे. आतून कुणी ना कुणी येतंय, काय झालं ते सांगतंय, परत जातंय. कॉफी निकेलला एक कप, आणि तो एक कप दोन तास पुरवायचा. संताप आहे, पण त्याच्या खाली कामही सुरू आहे. कुठल्या मासिकाला नवा संपादक हवाय, कुणाकडे कथा कमी पडतायत, आपली वेगळी बैठक ब्रुकलिनमध्ये कधी घ्यायची. ही मंडळी एकमेकांच्या कथा खोडतात, जोडीने लिहितात, तिघांचं मिळून एक टोपणनाव घेतात. भांडायला आणि लिहायला त्यांना एकच टेबल लागतं.

त्या टेबलाशी बसलं की मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली आणि १९७४ साली तिच्याकडे 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. अक्षर दुसऱ्याचं, नाव खोटं. परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला, तेव्हा कळलं की लिहिणारे जयंत नारळीकर. आपल्या नावाच्या वजनाने निकाल झुकू नये म्हणून एका नामवंत शास्त्रज्ञाने घेतलेली ती काळजी. न्यूयॉर्कच्या पोरांची ना ओळख होती ना नाव. पण दोन्हीकडे लेखकाला वाट करून दिली ती पैसा नसलेल्या, हौसेने चाललेल्या संस्थेनेच. अशा संस्थांच्या वह्या, पत्रकं, इतिवृत्तं आपण जपत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. मॉस्कोविट्झने जपली, आणि या भांडणांचा इतिहासच लिहून काढला. त्यामुळेच आपण आज त्या दारापर्यंत जाऊ शकतो, त्याची बाजू आपल्याला पटली नाही तरी.

सोमवार क्वीन्समधल्या फ्लशिंगसाठी ठेवा. प्रदर्शनाचं तिकीट पंचाहत्तर सेंट, म्हणजे पंधरा निकेल, आणि पोरांतले काही जण तिकिटावरच अडखळतात. आत गेलात की पांढराशुभ्र सुळका आणि त्याच्या शेजारी प्रचंड पांढरा गोल. ऊन त्यांच्यावरून उसळून डोळ्यांत जातं. जनरल मोटर्सच्या दालनापुढे रांग इतकी लांब की शेवट दिसत नाही. बायकांनी बूट काढून हातात घेतलेत, मुलं पेंगतायत. आत मऊ खुर्चीत बसवतात, खुर्ची आपोआप सरकू लागते, कानाशी एक आवाज बोलू लागतो, आणि खाली १९६० सालची अमेरिका पसरलेली: चौदा पदरी रस्ते, काचेचे मनोरे, मुंगीएवढ्या मोटारी. बाहेर पडताना छातीला बिल्ला मिळतो, 'मी भविष्य पाहिलं आहे'. दुसऱ्या एका दालनात सात फुटी यंत्रमानव सिगारेट ओढून दाखवतो आणि गर्दी टाळ्या पिटते.

तुमच्याबरोबरचा पोरगा मात्र खुर्चीतून उतरल्यापासून गप्प आहे. रस्ते छान आहेत, तो म्हणतो, पण त्या रस्त्यांवरून जाणारी माणसं कशी असतील? दुःख कशाचं करतील? ज्याला मोटार चालवायची नसेल त्याने कुठे जायचं? कंपनीने लाखो डॉलर ओतून उद्याचं चित्र उभं केलं आणि हे प्रश्न तिथे कुणाला पडले नाहीत. ते पडले जांभळ्या बोटांच्या या पोरांना. म्हणून मला त्यांच्या थाळीवरचं भविष्य अधिक खरं वाटतं, दुहेरी छपाईसकट.

४ जुलै. मंगळवार, सुट्टीचा दिवस, सकाळपासून गल्लोगल्ली फटाके. फ्लशिंगच्या मोकळ्या मैदानावर सॉफ्टबॉलचा सामना आहे, क्वीन्सचे विज्ञानकथा फॅन विरुद्ध फिलाडेल्फियाचे. धूळ उडतेय, गवत करपलंय, कोट एकदाचे काढून ढीग घातलाय. चश्मेवाले भरपूर. ज्यांनी जन्मात बॅट धरलेली नाही असे निम्मे, पण ओरडण्यात कुणी कमी नाही. शिकागोचे दोन पोरगे येईल त्याला गाठून सांगतायत की पुढच्या वर्षी आमच्याकडे, संमेलन आम्ही घेणार, पत्ता द्या, पत्रक पाठवतो. माणूस कमी पडला म्हणून क्वीन्सवाल्यांनी तुम्हाला मैदानाच्या टोकाला उभं केलंय. उन्हं थेट डोळ्यांवर येतायत. फिलाडेल्फियाच्या कुणीतरी बॅट फिरवली, ठक्क आवाज आला, आणि सगळे एकदम तुमच्या नावाने ओरडतायत. चेंडू उंच आहे. मागे सरका, अजून मागे, हात वर करा!